अमीर खाँ, उस्ताद

(१९१२ – १३ फेब्रुवारी १९७४). हिंदुस्थानी संगीतातील ख्यालगायक, बंदिशकार आणि इंदूर गायकीचे प्रवर्तक. ‘सूररंग’ ह्या नाममुद्रेने त्यांनी ख्याल व तराणे (दिर, दर, तन, दानी अशा बोलांवर बांधलेली द्रुत गीते) रचले. जन्मतारीख सामान्यतः १५ ऑगस्ट १९१२ अशी दिली जाते. जन्मस्थानाबद्दल मात्र मतभेद आहेत : काही चरित्रकार इंदूर, तर काही हरयाणातील कलानौर मानतात, अकोल्याचाही उल्लेख क्वचित आढळतो. कलानौर हे कुटुंबाचे मूळ गाव असल्याने गोंधळ झाला असावा. त्यांचे बालपण व जडणघडण इंदूरची, ह्याविषयी वाद नाही. वडील शाहमीर खाँ हे सारंगी व बीन (रुद्रवीणा) वाजवीत. ते भेंडीबाजार ह्या गायन घराण्याच्या परंपरेत शिकलेले असून इंदूरच्या होळकर दरबारच्या आश्रयाला होते. अमीर खाँ प्रथम सारंगी शिकले, मग गळ्याकडे वळले.

वडिलांनी त्यांच्याकडून मेरुखंडाची मेहनत करून घेतली. मेरुखंडाचे, म्हणजेच खंडमेरूचे, विवेचन शार्ङ्‌गदेवाच्या संगीतरत्नाकरात (तेरावे शतक) आहे. हा ग्रंथकार देवगिरीच्या यादवांचा आश्रित, हे मराठी वाचकाने ध्यानात घेण्याजोगे. दिलेल्या स्वरांचे सर्व क्रम पुनरुक्तीशिवाय ठरावीक रीतीने मांडणे, असे मेरुखंडाचे स्वरूप आहे. सा, रे, ग ह्या तीन स्वरांचे सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा असे सहा क्रम होतात; चार स्वरांचे २४, पाचांचे १२०, सहांचे ७२० आणि सातांचे ५,०४०. क्रमांकावरून स्वररूप काढण्यास ‘नष्ट’ व रूपावरून क्रमांक काढण्यास ‘उद्दिष्ट’ म्हणतात. अर्थात मैफलीत कोणी पाच हजार क्रम गात नाही. रागाला न मानवणारे क्रम गळतात, आणि उरलेल्यांतून निवड करण्यातच गवयाची प्रतिभा दिसते. अमीर खाँच्या सरगमांत (स्वरांची नावे उच्चारून केलेल्या गायनात) ही निवड स्पष्ट ऐकू येते.

किराणा घराण्याचे अब्दुल वहीद खाँ ह्यांची अतिविलंबित बढत (रागाचा क्रमाक्रमाने विस्तार), देवासच्या रजब अली खाँची तान आणि भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँची मेरुखंडी सरगम ह्यांच्या मिश्रणातून ही गायकी घडली, असे सांगण्याचा प्रघात आहे. तो ढोबळ अर्थाने खरा असला, तरी तिन्ही शैलींची बेरीज केल्याने अमीर खाँ मिळत नाहीत. चौदा मात्रांचा झूमरा ताल, तबल्याचा साधा ठेका आणि मंद्र (खालच्या) सप्तकातला ठहराव ही त्यांची खूण. ते अंतरा (बंदिशीचा दुसरा भाग) पुष्कळदा वगळीत, त्यामुळे बंदिशीची उपेक्षा केल्याचा आक्षेप त्यांच्यावर येई. तो सर्वस्वी मान्य करता येत नाही. त्यांच्या स्थायीतील (बंदिशीच्या पहिल्या भागातील) मोजके शब्द आलापाला जागा देण्यासाठीच बेतलेले दिसतात.

तराण्यातील बोल निरर्थक नसून फार्सी-अरबी मूळचे व सूफी आशयाचे आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते : ‘दर’ म्हणजे आत, ‘तन’ म्हणजे देह, ‘दानी’ म्हणजे तू जाणतोस. त्यांच्या हंसध्वनीतील तराण्यात फार्सी शेर आहे. तराण्याचे जनकत्व परंपरेने अमीर खुसरोकडे (१२५३–१३२५) जाते. उलट पक्षी, प्रबंध ह्या जुन्या गीतप्रकाराच्या सहा अंगांपैकी ‘तेनक’ (‘तेन तेन’ अशा अक्षरांचे गायन) हे मंगलवाचक अंग संगीतरत्नाकरात, म्हणजे खुसरोच्या आधीच, नोंदलेले आहे. ध्रुपदाच्या नोमतोमाशीही (आलापातील ‘नोम्’, ‘तोम्’ अशा अक्षरांशीही) तराण्याचे बोल जुळतात. फार्सी काव्य तराण्यात शिरले हे निर्विवाद. सर्वच बोलांची व्युत्पत्ती फार्सी-अरबीपर्यंत नेणे मात्र कठीण वाटते.

‘इंदूर घराणे’ ही संज्ञाही वादग्रस्त आहे. घराण्याला किमान तीन पिढ्या लागतात, हा संकेत लावल्यास ती अमीर खाँच्या हयातीत लागू पडत नाही. ‘इंदूर गायकी’ म्हणणे अधिक सुरक्षित. अमरनाथ (‘मितरंग’ नावाने रचनाकार), सिंग बंधू, ए. कानन व श्रीकांत बाकरे हे त्यांचे शिष्य होत. शिष्य नसलेल्या वादकांवरही त्यांच्या बढतीचा प्रभाव पडला.

बैजू बावरा (१९५२), झनक झनक पायल बाजे (१९५५) इ. चित्रपटांसाठी ते गायले. बैजू बावरामधील देसी रागातल्या जुगलबंदीत त्यांच्यासोबत द. वि. पलुसकर होते. मारवा व दरबारी ह्या रागांची त्यांची ध्वनिमुद्रिका विशेष गाजली. संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९६७) व पद्मभूषण (१९७१) हे त्यांना मिळालेले सन्मान. कोलकाता येथे मोटार अपघातात त्यांचे निधन झाले.