वडील फ्रीमेसन होते, मग मलाही मेंबर होता येईल का? लॉजचा फॉर्म, अटी आणि कागदपत्रं

फ्रीमेसन म्हणजे फ्रीमेसनरी या बंधुभाव आणि दानधर्म मानणाऱ्या, जगभर पसरलेल्या जुन्या संघटनेचा मेंबर, थोडक्यात मेसन, आणि तिची स्थानिक शाखा म्हणजे लॉज. उत्तर आधीच देऊन टाकते. होता येईल, पण वडील होते म्हणून नाही. जिमखान्याची मेंबरशिप कशी बापाकडून पोराकडे सरकते, तसं इथे काही नसतं, आजोबा, वडील, काका सगळे लॉजमध्ये असले तरी पोराला नवा फॉर्म भरावा लागतो, इंटरव्ह्यू द्यावा लागतो आणि मग त्याच्यावर चक्क मतदान होतं. आमचे सासरे मेसन होते, नवऱ्याचा फॉर्म मीच बसून भरला, तेव्हापासून ओळखीतले लोक मलाच विचारत असतात म्हणून एकदाचं लिहून टाकते.

पहिला प्रश्न असतो की जायचं कुठे. आपल्याकडे मुख्य संस्था ग्रँड लॉज ऑफ इंडिया, स्थापना २४ नोव्हेंबर १९६१, मुख्य ऑफिस दिल्लीत जनपथवर. तिचे चार रीजन आहेत, मुंबई-पुणेवाल्यांचा वेस्टर्न. पण त्याआधी इथली लॉजं इंग्लंड, आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजखाली चालायची, १९६१ ला बऱ्याच लॉजनी नव्या भारतीय संस्थेत जायचं ठरवलं आणि काही जुन्याच ठिकाणी राहिली, त्यामुळे आजही मुंबईत दोन्ही प्रकार सापडतात. म्हणून घरात वडिलांचं सर्टिफिकेट असेल (तिसरी डिग्री, म्हणजे मेसनच्या तीन पायऱ्यांतली शेवटची, झाली की ग्रँड लॉजकडून मिळतं, बहुतेक घरांत फ्रेम करून नाहीतर मीटिंगला कमरेला बांधायच्या एप्रनच्या चपट्या काळ्या बॅगेत ठेवलेलं असतं) तर ते आधी शोधा. त्यावर कुठली ग्रँड लॉज, लॉजचं नाव आणि नंबर असं सगळं असतं. नाव आणि नंबर दोन्ही लागतात, सारख्या नावाची लॉजं भरपूर आहेत, नंबर सांगितला की सेक्रेटरीला रजिस्टरमध्ये वडील लगेच सापडतात. सर्टिफिकेट नसेल तर जुनी समन्स शोधा, म्हणजे मीटिंगची छापील नोटीस, आमच्याकडे ती सासूबाईंच्या रेसिपीच्या वहीत खुणेला घातलेली मिळाली.

आता पात्रता. पुरुष असावा, वय २१ पूर्ण, चारित्र्य चांगलं, गुन्ह्यात शिक्षा वगैरे झालेली नसावी, आणि देवावर विश्वास पाहिजे. कुठला देव ते विचारत नाहीत, हिंदू, मुसलमान, पारशी, शीख, ख्रिश्चन सगळे एकाच लॉजमध्ये असतात आणि शपथ ज्याची त्याच्या धर्मग्रंथावर होते, गीता, कुराण, बायबल, अवेस्ता जे असेल ते. पण "मी काही मानत नाही बुवा" म्हणणाऱ्याला प्रवेश नाही, यात सूट नाही. पैशाची पण एक अट आहे जी मला फार आवडली, फी आणि वर्गणी भरून घरच्यांची ओढाताण व्हायला नको, हे आधी बघतात. उलट मेंबर होऊन धंद्याला ओळखी मिळतील, कामं मिळतील असं डोक्यात असेल तर फॉर्मवरच अडाल, कारण त्यात सही करून लिहून द्यावं लागतं की कोणाच्या आग्रहाने आलेलो नाही आणि आर्थिक फायद्यासाठी पण आलेलो नाही.

आग्रहावरून आठवलं. रोटरी, लायन्सवाले आपणहून बोलवतात. इथे परंपरा उलटी, विचारायचं आपण. कित्येक घरांत बाप वर्षानुवर्षं वाट बघतो की पोरगा कधी विचारेल आणि पोरगा वाट बघतो की बाबा कधी बोलवतील, आणि दोघंही गप्प. तर मुलांनो, बाबा जिवंत आहेत तोवर सरळ विचारून टाका.

प्रक्रिया अशी. लॉजमधला एक मेंबर प्रपोजर, म्हणजे तुमचं नाव सुचवणारा लागतो आणि एक सेकंडर, म्हणजे त्याला दुजोरा देणारा. वडील मेंबर असतील तर तेच प्रपोजर होऊ शकतात, बहुतेक होतातच. ओळखीचं कोणीच नसेल तर ग्रँड लॉजच्या वेबसाईटवरून चौकशी करता येते, ते जवळच्या लॉजशी गाठ घालून देतात, मुंबईत फोर्टातल्या फ्रीमेसन्स हॉलमध्ये जाऊन विचारलं तरी चालतं. मग दोन-तीन वेळा भेटीगाठी, गप्पा, चहा. याला कंटाळू नका, ते तुम्हाला जोखत असतात आणि तुम्हीही त्यांना जोखा. त्यानंतर फॉर्म, मग कमिटीचा इंटरव्ह्यू, काही लॉजवाले घरी पण येतात आणि बायकोला विचारतात की तुमची हरकत नाही ना, महिन्यातली एखादी संध्याकाळ हा घरी नसणार. (मी विचारलं जेवण तिकडेच का, हो म्हणाले, मग माझी काय हरकत असणार.)

इंटरव्ह्यू झाला की नाव समन्सवर छापलं जातं, नाव, वय, धंदा किंवा नोकरी, पत्ता, प्रपोजर कोण, सेकंडर कोण, आणि ती समन्स प्रत्येक मेंबरकडे जाते म्हणजे कोणाला काही माहीत असेल तर बोलावं. मग मीटिंगमध्ये बॅलट. एक लाकडी पेटी असते, आत हात घातला की बाहेरच्याला दिसत नाही, पांढरी गोळी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही. बहुमत वगैरे भानगड नाही, अगदी थोड्या काळ्या गोळ्या पडल्या तरी प्रवेश अडतो, किती ते ज्या त्या ग्रँड लॉजच्या आणि लॉजच्या नियमात असतं. आणि इथे बाप माजी मास्टर, म्हणजे लॉजचा माजी प्रमुख असला तरी पेटी फिरतेच.

कागदपत्रांची यादी लांब नाही. पासपोर्ट साईझ फोटो, वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, ओळखपत्र म्हणून आधार किंवा पॅन, शिक्षण आणि नोकरी-धंद्याची माहिती. काही जण जास्तीचं मागतात, सेक्रेटरी जी यादी देईल ती खरी. वडिलांचं सर्टिफिकेट सक्तीचं नाही, पण झेरॉक्स जोडा. एक रकाना नीट वाचा, आधी कुठल्या लॉजमध्ये अर्ज केला होता का, नाकारला गेला होता का. केला असेल तर खरं लिहा, लपवलेलं निघालं तर मेंबरशिपच गोत्यात येते. फीचं म्हणाल तर सुरुवातीची इनिशिएशन म्हणजे दीक्षेची फी एकदा आणि मग दरवर्षी वर्गणी, प्रत्येक लॉजचा आकडा वेगळा, शिवाय काळा सूट आणि पांढरे हातमोजे यांचा खर्च धरा. आकडा फॉर्म भरायच्या आधीच विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मेसनच्या मुलाला तिकडे लुइस म्हणतात, आणि लोकांना वाटतं याला काहीतरी स्पेशल कोटा असेल. इंग्लंडच्या युनायटेड ग्रँड लॉजची परंपरा बघितली तर मान इतकाच की एका दिवशी दोघांची दीक्षा असेल तर लुइस पुढे उभा राहतो. ज्यांनी आधी अर्ज केलाय त्यांची रांग तोडून पुढे जाता येत नाही. बस, एवढंच.

मग पारशी घरांत इतक्या पिढ्या कशा दिसतात? मला वाटतं कारण त्यांना ते दार भांडून उघडावं लागलं. माणेकजी कर्सेटजी या मुंबईच्या पारशी गृहस्थांना इथे घेतलं नाही, ते पॅरिसला जाऊन मेसन होऊन आले, तरी इथली युरोपियन लॉजं ढिम्म, शेवटी डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश मेसननी १८४३ साली भारतीयांना घेणारी रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया ही लॉज काढली. पुढे पारशी विद्वान खरशेदजी रुस्तमजी कामांसारखी माणसं त्यात मोठ्या पदांवर गेली. असं मिळालेलं कोणी सहज सोडत नाही.

गोव्याच्या आणि वसईच्या कॅथलिक मंडळींनी मात्र अर्जाआधी घरी आणि चर्चमध्ये बोलून घ्यावं. लॉजची हरकत नसते, चर्चची असते, १७३८ मध्ये पोपने बंदी घातली ती १९८३ ला पुन्हा स्पष्ट केली आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये परत एकदा. त्यात पोर्तुगालमध्ये हुकूमशहा सालाझारने १९३५ साली गुप्त संस्थांवर, म्हणजे फ्रीमेसनांवरही, कायद्यानेच बंदी आणली आणि गोवा तेव्हा त्यांच्याच ताब्यात, त्यामुळे तिथे अशी बापाकडून पोराकडे चालत आलेली घरं शोधायला गेलात तर मुंबईइतकी मिळायची नाहीत.

मुलींचं काय, हा प्रश्न मला हमखास येतो. ग्रँड लॉज ऑफ इंडियात बायकांना मेंबरशिप नाही, लेडीज नाईटला बोलावतात, छान जेवण असतं, पण ती मेंबरशिप नव्हे. पुरुष आणि बायका दोघांना घेणारी को-मेसनरी वेगळी, ॲनी बेझंट यांनी ती भारतात आणली आणि अजून चालू आहे, पण ग्रँड लॉज तिला मान्यता देत नाही, म्हणजे वडिलांच्या लॉजमध्ये तुम्हाला त्या ओळखीवर जाता येणार नाही. मला हे पटत नाही, सासऱ्यांनाही मी तोंडावर सांगितलं होतं, ते हसले फक्त.

एक मात्र लक्षात ठेवा. व्हॉट्सॲपवर, फेसबुकवर "इल्युमिनाटी जॉईन करा, श्रीमंत व्हा, रजिस्ट्रेशन फी पाठवा" असे (इल्युमिनाटी म्हणजे जग चालवते अशी अफवा असलेली गुप्त संघटना) मेसेज येतात, त्यात फ्रीमेसनचं चिन्ह पण लावलेलं असतं. ते शुद्ध फसवणूक आहे. कुठलीही खरी लॉज माणसाला भेटल्याशिवाय घेत नाही आणि अनोळखी नंबरवर पैसे मागत नाही. आणि वडील गाव बदलून आलेले असतील, जुनी वर्गणी थकलेली असेल, तर त्यांना दुसऱ्या लॉजमध्ये जायला जुन्या लॉजचं क्लिअरन्स सर्टिफिकेट लागतं, ते बाकी भरल्यावरच मिळतं, त्यांनाच तुमचं प्रपोजर व्हायचं असेल तर आधी ते काम उरकून घ्या.