रक्त शुद्ध करायचं म्हणजे नेमकं काय काढायचं?

गेल्या पावसात फोंड्याहून वहिनीचा फोन आला. "ह्यांना आयसीयूत ठेवलंय, प्रेशर काही केल्या येत नाहीय, डॉक्टर रक्त शुद्ध करायच्या ट्रीटमेंटचं बोलतायत, खर्च बराच आहे, करूया काय?" मागून कोणतरी सांगत होतं की रक्त खराब झालंय तर कडुलिंबाचा रस द्या, तोंडातून जमत नसेल तर नळीतून द्या. म्हटलं, ह्या विषयावर एकदा नीट लिहायलाच हवं, कारण सगळा घोळ त्या नावातच आहे.

रक्तशुद्धी म्हटलं की आपल्याला पुटकुळ्या, काढा, सालसा आठवतो. त्याचा सेप्टिक शॉकशी, म्हणजे इन्फेक्शनमुळे प्रेशर कोसळण्याशी, काडीचाही संबंध नाही, आणि व्हेंटिलेटरवरच्या माणसाच्या नळीत असला रस घालणं जिवावर बेतू शकतं. डिटॉक्सच्या नावाने बाटल्या विकणाऱ्यांनाही हेच लागू.

सेप्टिक शॉकमध्ये रक्त "घाण" झालेलं नसतं. इन्फेक्शनशी लढता लढता शरीराचा स्वतःवरचा ताबा सुटतो, रक्तवाहिन्या सैल पडतात, भरपूर सलाईन देऊनही सरासरी प्रेशर 65 वर टिकवायला नॉरअ‍ॅड्रिनलिनसारखं औषध चालू ठेवावं लागतं आणि रक्तातलं लॅक्टेट (पेशींवर ताण आल्याची खूण) 2 च्या वर राहतं. अशा 100 पेशंटपैकी 40 हून जास्त दगावतात. रक्तात असतात ते जंतूंचे तुकडे आणि ते पाहून आपल्याच पेशींनी सोडलेली सायटोकाइन नावाची रसायनं.

ह्या तुकड्यांत एक आहे एंडोटॉक्सिन, आणि त्याच्याबद्दल मी तासभर बोलू शकतो. 1892 मध्ये रिचर्ड फायफरला कॉलऱ्याच्या जंतूंवर काम करताना दिसलं की मेलेले जंतू टोचले तरी गिनीपिग मरतात, म्हणजे विष जंतूच्या अंगातच आहे. ई. कोलाय, क्लेबसिएला असल्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंच्या बाहेरच्या आवरणात हे रेणू खच्चून भरलेले असतात. बाहेर साखरेची लांब शेपटी, आणि आवरणात रुतलेलं मूळ ते लिपिड ए, खरं विष तेच. किती लागतं? निरोगी स्वयंसेवकांना वजनाच्या किलोमागे 2 ते 4 नॅनोग्रॅम टोचलं तरी थंडीताप भरतो, म्हणजे अख्ख्या माणसाला मिठाच्या एका कणाच्या शंभराव्या भागाहूनही कमी.

लिपिड ए म्हणजे दोन साखरा, त्यांच्यावर दोन फॉस्फेट म्हणजे ऋण भार, आणि चरबीच्या सहा साखळ्या. आपल्या पेशींवर टीएलआर4 नावाचा पहारेकरी असतो (तो एंडोटॉक्सिन ओळखतो हे 1998 मध्ये ब्रूस बॉयटलरने उंदरांवरून दाखवलं, 2011 चं नोबेल त्यालाही मिळालं). त्याचा जोडीदार एमडी-2, ह्याच्यात एक तेलकट खोबण आहे, सहातल्या पाच साखळ्या तिच्यात शिरतात, सहावी बाहेर राहून शेजारच्या दुसऱ्या टीएलआर4 ला धरते, दोन पहारेकरी जवळ आले की पेशीत धोक्याची घंटा. सहाऐवजी चारच साखळ्या असल्या तर माणसाच्या पेशीत घंटा वाजतच नाही!

आता हे रक्तातून काढायचं कसं? साधं डायलिसिस आकारावर चालतं, मानशीच्या (खाजणातल्या पाण्याच्या दाराच्या) तोंडाला लावलेल्या जाळ्यासारखं, लहान ते पार, मोठं ते मागे. इथे वेगळी युक्ती आहे. फणस कापताना आपण हाताला आणि सुरीला खोबरेल चोळतो, कारण चीक पाण्याला दाद देत नाही, तेलाला देतो. 1947 मध्ये मातीतल्या एका जंतूपासून मिळालेलं पॉलिमिक्सिन बी हे अँटिबायोटिक असंच आहे, त्याच्यावर पाच धन भार आणि मागे चरबीची शेपटी, धन भार फॉस्फेटला पकडतात आणि शेपटी चरबीत घुसते, दोन्हीकडून पकड. पण ते किडनीला त्रास देतं, म्हणून जपानी लोकांनी ते पॉलिस्टायरिनच्या, म्हणजे थर्माकोल ज्याचा बनतो त्याच प्लास्टिकच्या, धाग्यांना पक्कं जोडून टाकलं. रक्त नळीतून बाहेर काढून धाग्यांवरून फिरवायचं आणि परत अंगात सोडायचं, साधारण दोन तास. औषध धाग्यावरच राहतं, विष त्याला चिकटतं. धागे भरलेल्या ह्या नळकांड्यालाच कॉलम म्हणतात. जपानमध्ये 1994 पासून ह्याला मान्यता आहे.

मला ही रचना फार सुंदर वाटते, पण सुंदर आहे म्हणून माणूस वाचतोच असं नाही. 2009 मध्ये इटलीत 64 पेशंटवर चाचणी झाली, 28 दिवसांत मृत्यू 53 टक्क्यांवरून 32 वर आले आणि सगळे हरखले. मग अमेरिका-कॅनडात 450 पेशंट घेतले, निम्म्यांना नुसतं खोटं मशीन लावलं, 2018 मध्ये निकाल आला, मृत्यू कॉलमवाल्यांत 37.7 आणि खोट्या मशीनवाल्यांत 34.5 टक्के, म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. घंटा वाजून गेल्यावर घंटा वाजवणाऱ्याला धरून किती उपयोग होणार, असं मला वाटतं. सेप्सिसच्या 2021 च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइन्सनी हा कॉलम वापरू नये असंच सुचवलंय, आणि रक्तशुद्धीच्या इतर पद्धतींबद्दल पुरेसा पुरावा नाही म्हटलंय.

वहिनीला मी एवढंच सांगितलं की डॉक्टरांना विचार, जंतू कोणता सापडलाय. कारण दादा लावणीला आठवडाभर गुडघाभर पाण्यात होते, पायाला जखम होती, आणि आपल्याकडे पावसात अशा तापाला आधी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या जंतूंचा ताप) आठवावा. लेप्टोच्या जंतूलाही एंडोटॉक्सिन असतं पण त्याच्या लिपिड ए वर फॉस्फेटला मिथाइलची टोपी असते, माणसाचा टीएलआर4 त्याला ओळखतच नाही, मग त्या कॉलमने काय साधणार?

टेस्ट लेप्टोचीच पॉझिटिव्ह आली. अँटिबायोटिकचं इंजेक्शन पहिल्या रात्रीपासून चालू होतं, कॉलमचा विषय डॉक्टरांनीच सोडला, किडनी बसली होती म्हणून साधं डायलिसिस केलं. सहाव्या दिवशी वहिनीने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, लघवीच्या पिशवीचा, पिवळी रेघ 400 च्या खुणेवर.