खेळताना मुलांचे दात आणि चेहरा: माउथगार्डची पार्श्वभूमी

माउथगार्ड, म्हणजे मारापासून वाचवायला दातांवर बसवायचं कवच, मूळचा बॉक्सिंगमधला. १८९०च्या सुमारास लंडनमधल्या एका दंतवैद्याने बॉक्सरांच्या वरच्या दातांवर गटापर्चाच्या (झाडाच्या चिकापासून मिळणाऱ्या रबरासारख्या पदार्थाच्या) पट्ट्या बसवायला सुरुवात केली. पुढे रबर आलं, मग ॲक्रिलिक. शाळकरी मुलांच्या तोंडात तो अमेरिकन फुटबॉलमुळे आला: १९६२मध्ये तिथल्या शालेय खेळाडूंना तो सक्तीचा झाला. हेल्मेटची जाळी समोरून येणारा मार अडवते. पण हनुवटीवर खालून फटका बसला की खालचे दात वरच्यांवर आदळतात, आणि तिथे जाळीचा काही उपयोग नसतो.

खरा वाद सुरू झाला तो १९६४नंतर. माउथगार्डमुळे मेंदूला बसणारा हादराही कमी होतो, असा दावा त्या वर्षी पुढे आला. तर्क साधा होता: दातांमध्ये काही मिलिमीटरचा थर असला की जबड्याचा सांधा कवटीच्या तळावर आपटत नाही. १९६७मध्ये मृतदेहावर केलेल्या चाचणीत कवटीतला दाब कमी भरला आणि दावा पक्का मानला गेला. पण मेंदूला हादरा बहुतेकदा डोकं झटक्याने फिरल्यामुळे बसतो, जबड्यावरच्या माराने नव्हे. त्यामुळे पुढची कित्येक दशकं पुरावा डळमळीतच राहिला. खेळातल्या मेंदूच्या हादऱ्यांविषयीच्या २०२३च्या आंतरराष्ट्रीय सहमतिपत्रात माउथगार्डमुळे अशा हादऱ्यांत आइस हॉकीपुरती २८ टक्के घट नोंदवली आहे. तो आकडा सरसकट सगळ्या खेळांना लावणं चूक. या वादापायी दातांचा मुद्दा मागे पडला, हे मात्र वाईट झालं. दात वाचतात, याबद्दल दंतवैद्यांत फारसं दुमत नाही.

क्रिकेटमध्ये चेहऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. इंग्लंडमध्ये २०००पासून १८ वर्षांखालील फलंदाजांना जाळीचं हेल्मेट घालायला सांगितलं गेलं. तरीही चेंडू कधीकधी हेल्मेटचा छज्जा (कपाळावरची पुढे आलेली कड) आणि जाळी यांच्यामधून आत शिरत असे. २०१३च्या ब्रिटिश मानकाने नेमकी हीच फट तपासायला घेतली, तीही मुलांच्या लहान चेंडूने वेगळी. मोठ्यांचं हेल्मेट मुलाला का देऊ नये, याचं उत्तर इथेच आहे: मोठा चेंडू अडवणाऱ्या फटीतून लहान चेंडू आत जाऊ शकतो.

आज बहुतेक मुलं वापरतात तो गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा माउथगार्ड. मूल जोरात चावतं, थर पातळ होतो आणि पटाशीच्या दातांपुढे जिथे ३ ते ४ मिमी जाडी हवी, तिथे जेमतेम निम्मी उरते. दातांच्या ठशावरून दंतवैद्याने बनवलेल्या गार्डमध्ये ही जाडी राखता येते. पण साधारण ६ ते १२ या वयात दुधाचे दात पडून कायमचे येत असतात, म्हणून कुठलाही गार्ड लवकरच घट्ट होतो. तारा लावलेल्या दातांवर तर तो तारांमध्ये रुतू न देता, दात सरकायला जागा ठेवूनच घडवावा लागतो. तोंड उघडल्यावर गार्ड खाली पडत असेल, किंवा जागेवर ठेवायला मुलाला दात आवळावे लागत असतील, तर तो बदलायला झाला.