भंगारातली मोटर आणि गिअरबॉक्सचा जुना वाद

अपघातात गेलेल्या विजेच्या गाडीची मोटर काढून जुन्या पेट्रोल गाडीत बसवणं, हे काम ब्रिटन, न्यूझीलंड, अमेरिकेतल्या गॅरेजांना आता नवं राहिलेलं नाही. आपल्याकडेही चौकशा वाढल्या आहेत. चौकशी करणारे सहसा बॅटरीबद्दल विचारतात. या कामाचा मागोवा घेतला तर मात्र बॅटरीपेक्षा जास्त वाद गिअरबॉक्सवरून झालेले दिसतात. मोटर एकटीच उचलून जुन्या गाडीच्या मूळ गिअरबॉक्सला जोडायची, की तिच्याबरोबर आलेला एकाच गिअरचा डबा, डिफरन्शियलसकट (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर), जसाच्या तसा घ्यायचा? हा प्रश्न वरवर फिटरचा वाटतो. प्रत्यक्षात गाडीचा नंबर राहणार की जाणार, हेही काही देशांत त्याच्या उत्तरावर ठरत होतं.

मूळ गिअरबॉक्स ठेवायची सवय कुठून आली ते आधी पाहावं लागेल. १९७३च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत घरच्या घरी गाड्या विजेवर करणाऱ्यांची पहिली मोठी लाट आली. त्यांच्या हाताशी फोर्कलिफ्टच्या डीसी मोटरी होत्या, किंवा लष्करी भंगारात मिळणारे जेट विमानांचे स्टार्टर-जनरेटर. म्हणजे हे काम जन्मापासूनच भंगारावर उभं आहे. पुढे याच कामासाठी नव्या डीसी मोटरी मिळू लागल्या, पण घडण तीच राहिली. लेड-ॲसिड बॅटऱ्यांचा संच साधारण ९६ ते १४४ व्होल्टचा. ब्रश असलेली मोटर फार वेगाने फिरवली की कम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात ती तांब्याची कडी, जळायचा, आणि कमी वेगात जोर मागितला की करंट इतका वाढायचा की कंट्रोलर तापायचा. अशा वेळी दुसरा-तिसरा गिअर हा खरोखरचा आधार होता. मूळ इंजिन काढायचं, जाड ॲल्युमिनियमची अडॅप्टर प्लेट कापून घ्यायची, मोटर गिअरबॉक्सच्या तोंडाशी बसवायची आणि कुणी क्लच ठेवायचा, कुणी काढून टाकायचा. तीसेक वर्षं हेच चाललं. मोटरींची जात बदलली तरी हातांना लागलेली ही सवय सुटली नाही.

नव्वदच्या दशकात चांगल्या एसी मोटरी रस्त्यावर आल्या होत्या. जनरल मोटर्सची ईव्ही-१ १९९६मध्ये आली. पण ती विकली गेलीच नाही, फक्त भाडेपट्ट्यावर दिली गेली आणि पुढे परत घेऊन बहुतेक गाड्या चिरडल्या गेल्या. मालकी ग्राहकाकडे नसेल तर भंगारवाल्याकडे काहीच पोहोचत नाही. आधुनिक मोटर हौशी माणसाच्या हाती पडण्याची एक मोठी संधी तिथेच गेली. माझ्या मते या इतिहासातला हा सगळ्यात कमी बोलला जाणारा तोटा आहे. त्यानंतर टोयोटाच्या मोडक्या प्रियस हायब्रिड गाड्यांमधून इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीची डीसी वीज मोटरीसाठी एसी करणारे डबे, मिळू लागले आणि उच्च व्होल्टेजची उपकरणं हाताळायला लोक शिकले, एवढीच मधली कमाई.

खरा बदल लीफने केला. निसानची ही गाडी डिसेंबर २०१०मध्ये जपान आणि अमेरिकेत विक्रीला आली, आणि २०२०मध्ये पाच लाखावी लीफ ब्रिटनमधल्या संडरलँडच्या कारखान्यातून बाहेर पडली. इतक्या संख्येने विकलेली गाडी ठोकरतेही तेवढीच. त्यात लीफच्या बॅटरीला पाण्याने गार करायची सोय नव्हती. ॲरिझोनासारख्या उष्ण भागात तिची क्षमता लवकर घटली आणि २०१२पासून तक्रारी सुरू झाल्या. बॅटरी थकली की गाडीची किंमत कोसळते, पण मोटरीला काहीच झालेलं नसतं. स्वस्त आणि धडधाकट मोटरींचा पुरवठा असा सुरू झाला. जपानमधून वापरलेल्या लीफ मोठ्या प्रमाणात आणणाऱ्या न्यूझीलंडमध्ये तर उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांचे सुटे भाग आपोआप साठत गेले.

पहिल्या लीफची मोटर ८० किलोवॅट आणि २८० न्यूटन-मीटरची. २०१३च्या सुधारित गाडीत टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २५४वर आला, ताकद तीच राहिली, आणि इन्व्हर्टर थेट मोटरीच्या डोक्यावर आला. वर चार्जरचा डबाही चढला. हा सगळा मनोरा बुटक्या बॉनेटखाली मावत नाही, म्हणून काही जण अजूनही मुद्दाम २०११-१२चं युनिट शोधतात. त्याचा इन्व्हर्टर वेगळा असतो आणि तीन जाड केबलींनी जोडलेला असतो, त्यामुळे तो जागा असेल तिथे ठेवता येतो.

लीफ लोकप्रिय होण्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. तिचा इन्व्हर्टर संशयी नाही. कॅन बसवरून, म्हणजे गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या तारांवरून, दर १० मिलीसेकंदांनी योग्य तो संदेश मिळाला की मागितलेला टॉर्क तो देतो. चावी कुणाची, गाडी कुठली, हे विचारत नाही. हे संदेश लोकांनी चालत्या गाडीवर ऐकून, नोंदवून, एकमेकांना मोकळेपणाने दिले. टेस्लाच्या मॉडेल एसचं मोठं युनिट मिळू लागलं तेव्हा अडचण वेगळी होती. त्यात मोटर, इन्व्हर्टर, गिअर सगळं एकाच कवचात, पण ते मूळ गाडीच्या संगणकाशी बांधलेलं. त्यावर तोडगा निघाला तो आतला कंट्रोल बोर्डच बदलण्याचा. असे पर्यायी बोर्ड आणि त्यांचं सॉफ्टवेअर काही जणांनी सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. भंगारातली मोटर आज वापरता येते याचं अर्ध्याहून अधिक श्रेय या लोकांना जातं. हे युनिट घेताना एक गोष्ट मात्र तपासावीच लागते. रोटरच्या शाफ्टजवळचं सील झिजलं की कूलंट मोटरीच्या पोटात शिरतं. बाहेरून युनिट चकाचक दिसतं आणि आत गंज धरलेला असतो.

आता मुख्य वादाकडे. लीफच्या मोटरीसोबत जो रिडक्शन गिअर येतो त्याचं प्रमाण सुरुवातीला ७.९४ला १ होतं, नंतर ८.१९ला १. एकच वेग, क्लच नाही, आत डिफरन्शियल. मोटर मिनिटाला दहा हजारांच्या वर फेरे घेते आणि २८० न्यूटन-मीटरचे चाकाशी २,२००च्या वर होतात. समोरच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाडीत हे युनिट आडवं बसवलं, दोन ॲक्सल शाफ्ट नवे करून घेतले, की काम संपलं. इथे फारसा वाद नाही.

वाद सुरू होतो मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत, आणि हौशी लोकांचा जीव नेमका त्याच गाड्यांत असतो. आडवं युनिट पुढे ठेवून, मागच्या ॲक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या लांब प्रोपेलर शाफ्टला जोडता येत नाही. युनिटचं ८ आणि मागच्या ॲक्सलचं ४, मिळून ३२ला १ होईल आणि गाडी सायकलच्या वेगाच्या फार पुढे जाणार नाही. मोटर सुटी करून थेट प्रोपेलर शाफ्टला जोडली तर उलट होतं. फक्त ४ला १ मिळतं आणि घाटात गाडी हाशहुश करते. राहतात दोन मार्ग. एक, गाडीचा मागचा भाग कापून अख्खं युनिट स्वतंत्र सस्पेन्शनसकट तिथे बसवायचं. दोन, मोटर सुटी करून इंजिनाच्या जागी मूळ गिअरबॉक्सला जोडायची.

दुसऱ्या मार्गाच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. फोक्सवॅगन बीटलचं इंजिन चार बोल्टांवर लटकलेलं असतं. त्याच चार भोकांवर लीफची मोटर बसते, एकही पत्रा कापावा लागत नाही आणि उद्या वाटलं तर इंजिन परत लावता येतं. शिवाय ही मोटर २,७३० फेऱ्यांनाच पूर्ण ८० किलोवॅट देते, त्यामुळे जुन्या गिअरबॉक्सला सोसतील एवढ्या फेऱ्यांतही ताकद कमी पडत नाही. सुरुवातीला अनेकांनी पैसे वाचवायला लीफच्या बॅटरीचा निम्माच संच वापरला. व्होल्टेज निम्मं की ताकदही जवळपास निम्मी, मग बदलता गिअर हवासा वाटणारच.

पण किंमत कुठे मोजावी लागते ते जवळून पाहायला हवं. बीटलचा गिअरबॉक्स जेमतेम ११० न्यूटन-मीटर देणाऱ्या इंजिनासाठी घडवलेला. त्याच्यामागे २८०ची मोटर लावली की सॉफ्टवेअरमधून तिला आवर घालावा लागतो, नाहीतर दात उडतात. त्याहून नाजूक भाग म्हणजे कपलर. मोटरीच्या शाफ्टवरचे बारीक दाते एका बाजूला, गिअरबॉक्सच्या शाफ्टचे दुसऱ्या बाजूला, मध्ये लेथवर करून घेतलेला पोलादी तुकडा. दोन्ही शाफ्ट एका रेषेत नसतील, केसाएवढाही फरक राहिला असेल, तर डायल गेजचा काटा तो लगेच दाखवतो. चांगला टर्नर काटा थरथरायचा थांबेपर्यंत प्लेट पुन्हा पुन्हा बसवतो. घाईत सोडून दिलेलं काम काही महिन्यांनी उघडावं, तर दात्यांवर लालसर भुकटी साचलेली असते. तो साधा गंज नसतो, पोलादावर पोलाद घासून झिजल्याची ती खूण असते. त्यापुढे दाते गोल होतात आणि एक दिवस मोटर फिरते, गाडी जागची हलत नाही. लीफच्या स्वतःच्या गिअरच्या डब्यात पार्किंगचा खटकाही असतो. मोटर सुटी केली की तोही जातो आणि उतारावर हँडब्रेक तेवढा उरतो.

मधला मार्ग म्हणून २००६च्या लेक्सस जीएस-४५०एच या हायब्रिडचा गिअरबॉक्स पुढे आला. तो मुळातच लांबट आणि मागच्या चाकांसाठीचा आहे, पोटात दोन मोटरी, आणि मोठ्या मोटरीला ३.९ आणि १.९ अशी दोन प्रमाणं. मूळ गिअरबॉक्सच्या जागी तो बरोबर बसतो. इंजिन नसल्यामुळे तेलाचा विजेचा पंप मात्र सतत सांभाळावा लागतो. जुनी जीप किंवा पिकअप असेल तर मला हाच सगळ्यात समंजस पर्याय वाटतो.

या तांत्रिक वादात कायदा कसा शिरला ते ब्रिटनमध्ये स्पष्ट दिसतं. तिथे मोठा फेरफार केलेल्या गाडीला मूळ नंबर ठेवायला आठ गुण लागायचे. चॅसीला पाच, सस्पेन्शन, ॲक्सल, ट्रान्समिशन (म्हणजे गिअरबॉक्स) आणि स्टिअरिंगला प्रत्येकी दोन, इंजिनाला एक. म्हणजे इंजिन काढण्याची शिक्षा एक गुण आणि गिअरबॉक्स काढण्याची दोन. टेस्लाचं अख्खं युनिट मागे बसवणाऱ्याचे इंजिन, ट्रान्समिशन, ॲक्सल, सस्पेन्शन सगळे गुण जायचे. उरायचे सात. एका गुणासाठी पन्नास वर्षांची ओळख पुसली जायची. चॅसी कापली असेल तर तेही पाच गेले. मूळ गिअरबॉक्स ठेवणाऱ्यांची संख्या तिथे इतकी का वाढली, याचं मोठं कारण मला या गुणांच्या हिशेबात दिसतं. त्यात २०१९मध्ये जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघाने भूमिका घेतली की विजेवर बदललेली गाडी ऐतिहासिक मानता येणार नाही, आणि बदल करायचाच असेल तर तो उलटवता येईल असा करावा, मूळ भाग जपून ठेवावेत. बोल्ट काढून बसवण्याच्या बाजूला आणखी बळ मिळालं. २०२५मध्ये ब्रिटनने नियम सैल केले आणि विजेवर बदललेल्या गाडीला मूळ ओळख राखणं सोपं झालं. आता निर्णय यंत्राकडे पाहून घेता येईल. माझा कौल स्वच्छ आहे. गाडी दुर्मिळ नसेल तर मोटर आणि तिचा गिअर यांची ताटातूट करू नये. ती दोन एकमेकांसाठी घडवलेली असतात.

कंपन्यांनीही हा बाजार ओळखला. फोर्डने नोव्हेंबर २०२१मध्ये मस्टँग माख-ईची मोटर सुटी विकायला काढली, ३,९०० डॉलरला. पण त्या किमतीत इन्व्हर्टर नव्हता, बॅटरी नव्हती. मोडक्या गाडीत हे सगळं एकत्र, एकमेकांशी जुळलेलं मिळतं. म्हणून लोक आजही आधी ठोकरलेली गाडीच शोधतात.

फ्रान्सने २०२०मध्ये रेट्रोफिटला, म्हणजे जुनी गाडी विजेवर करायला, रीतसर परवानगी दिली, पण मान्यता किटला. किमान पाच वर्षं जुनी गाडी घ्यायची आणि तिच्या मॉडेलसाठी मंजूर झालेला संच बसवायचा. घरी जुळवाजुळव करणाऱ्याला त्यात वाट नाही. भारताचा मार्गही हाच. मोटार वाहन नियमांत २०१६मध्ये विजेच्या किटची तरतूद झाली, त्यासाठी एआयएस-१२३ हे मानक आहे, आणि किट बनवणाऱ्याने ठराविक मॉडेलसाठी चाचणी करून मंजुरी घ्यायची असते. अल्टो, वॅगन-आर, डिझायरसारख्या गाड्यांसाठी किट पुढे आली. त्यानंतर जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्यातल्या, गाडीतल्या फेरफारांबद्दलच्या कलम ५२चा अर्थ कडक लावला आणि नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करणं आणखी अवघड झालं. नोव्हेंबर २०२१मध्ये दिल्ली सरकारने दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या विजेवर करायची मुभा जाहीर केली, तीही मंजूर किटपुरतीच.

या चौकटीत भंगारातल्या मोटरीला जागाच नाही. मंजुरी नव्या, एकसारख्या, मोजून तयार केलेल्या संचाला मिळते. एका ठोकरलेल्या नेक्सॉन ईव्हीतून काढलेली ९५ किलोवॅटची मोटर एका विशिष्ट जिप्सीत बसवली, तर तिची चाचणी घेऊन होय किंवा नाही सांगणारी खिडकी आपल्याकडे नाही. न्यूझीलंडमध्ये अशी एकेक गाडी तपासून प्रमाणपत्र देणारे तज्ज्ञ नेमलेले आहेत. २०२०नंतर विकलेल्या विजेच्या गाड्या आता इथल्या विमा कंपन्यांच्या लिलावात येऊ लागल्या आहेत आणि दिल्लीतल्या मायापुरी, मुंबईतल्या कुर्ल्याच्या भंगार बाजारांत त्यांचे सुटे भाग दिसायला वेळ लागणार नाही. त्यातलं तांबं आणि ॲल्युमिनियम वितळवायला कुणाची हरकत नाही. धडधाकट मोटर पुन्हा फिरवायला मात्र परवानगी लागते, आणि ती मागायची सोय केलेली नाही. एकेका गाडीची चाचणी करण्याइतकी यंत्रणा आणि माणसं पुण्यातल्या वाहन चाचणी संस्थांत नक्कीच आहेत. त्यांना तसा अधिकार देणारा नियम तेवढा लिहायचा बाकी आहे.