हॅप्टिक तंत्रज्ञान (स्पर्शतंत्र)

त्वचा, स्नायू आणि सांधे यांना ठरवून दिलेला कंप, जोर, ताण किंवा घर्षण जाणवेल अशा रीतीने यंत्र चालवण्याचे तंत्र. खिशातल्या मोबाइलची थरथर हे त्याचे सर्वांत स्वस्त रूप. शस्त्रक्रियेच्या यंत्रमानवाने ओढलेल्या टाक्याचा ताण शल्यविशारदाच्या बोटांना कळणे हे सर्वांत महागड्या रूपांपैकी एक. ‘स्पर्श करणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ही संज्ञा आली. जर्मन मानसशास्त्रज्ञ माक्स डेसोआर यांनी १८९२ मध्ये स्पर्शाच्या अभ्यासासाठी ती सुचवली. मराठीत स्पर्शतंत्र हा शब्द लिहिण्यात चालतो, बोलताना मात्र हॅप्टिकच म्हणतात.

हात काय करतो

इंदूरच्या महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये महेश्वरी साडी पाहणाऱ्या बाईचे हात पाहिले तर या विषयाचा निम्मा पाया समजतो. पदर अंगठा आणि तर्जनीत धरून चोळला की पोत कळतो. घडी दाबली की कापडाचा भरीवपणा कळतो, तळहातावर तोलली की वजन, काठावरून बोट फिरवले की विणीची रेघ. नुसता हात टेकवून ठेवला तर रेशमाचा गारवा लागतो. सुसान लेडरमन आणि रॉबर्टा क्लॅट्झकी यांनी १९८७ मध्ये अशाच हालचालींची शास्त्रीय वर्गवारी केली: घासणे, दाबणे, टेकवणे, तोलणे, मुठीत घेणे, कडेने बोट फिरवणे. प्रत्येक गुणधर्मासाठी हात वेगळी हालचाल करतो, हे त्यातले सार. स्थिर हाताला पोत जवळजवळ कळतच नाही. म्हणून पोत दाखवू पाहणाऱ्या यंत्राला बोट हलत असतानाच काम करावे लागते. मराठीत खरखरीत, राठ, मऊसूत, बुळबुळीत, लिबलिबीत, भुसभुशीत असे शब्द मुबलक आहेत. आजचे कोणतेही एक उपकरण त्यातले दोन-तीनच नीट दाखवू शकते.

बोटाच्या केसविरहित त्वचेत यांत्रिक संवेदनांचे चार प्रकारचे ग्राही (संवेदना टिपणारी सूक्ष्म टोके) असतात. मेर्केल ग्राही मंद, टिकून राहिलेला दाब आणि कडा टिपतात. माइसनर ग्राही साधारण ५ ते ५० हर्ट्‌झचा कंप आणि वस्तू हातातून निसटू लागल्याची चाहूल देतात. रुफिनी ग्राही त्वचेचा ताण ओळखतात. खोलवर बसलेली पॅसिनी पिंडे सुमारे ४० हर्ट्‌झपासून कित्येकशे हर्ट्‌झपर्यंतचा कंप पकडतात आणि २०० ते ३०० हर्ट्‌झच्या आसपास सर्वांत तिखट असतात. मोबाइलच्या मोटारी याच पट्ट्यात बसवलेल्या असतात, तो योगायोग नाही. दाबाला प्रतिसाद देणारी पीझो प्रथिने आर्डेम पाटापुटियन यांच्या गटाने २०१० मध्ये शोधली. त्यांना डेव्हिड ज्यूलियस यांच्याबरोबर २०२१ चे नोबेल मिळाले.

एकमेकांपासून सुमारे २ मिलिमीटरवरचे दोन बिंदू बोटाच्या टोकाला वेगळे कळतात. पाठीवर तेच अंतर ४० मिलिमीटरच्या घरात जाते. पाठीवर बांधायच्या पट्ट्यात मोटारी जवळजवळ लावणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

पॅसिनी पिंडांच्या कंपपट्ट्याचा एक तोटाही आहे. दुचाकीचे इंजिन ५००० फेऱ्यांवर असेल तर हँडल आणि सीट सुमारे ८३ हर्ट्‌झने थरथरतात. पॅसिनी पिंडे त्यातच गुंतून जातात आणि बधिर होतात. इंदूरच्या एबी रोडवर स्कूटर चालवताना खिशातला फोन वाजलेला कळत नाही, त्यात फोनचा दोष कमी.

घडण

पॉल बाख-य-रीता यांनी १९६९ मध्ये दंतवैद्याच्या खुर्चीच्या पाठीत ४०० कंपक बसवले आणि कॅमेऱ्यातले दृश्य अंध व्यक्तींच्या पाठीवर उमटवले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील विद्यार्थी थॉमस मॅसी आणि त्यांचे मार्गदर्शक केनेथ सॅलिसबरी यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘फँटम’ हा यंत्रहस्त घडवला. शिंप्याच्या अंगुस्तानासारख्या टोपणात बोट घालायचे आणि संगणकातली अदृश्य वस्तू चाचपायची. (मॅसी पुढे अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात गेले.) त्याच संस्थेत मंड्यम श्रीनिवासन यांनी स्पर्शाची प्रयोगशाळा उभारली. २००२ मध्ये लंडन आणि बोस्टन इथल्या दोघांनी मिळून संगणकातला एक ठोकळा उचलला, त्यात तिचा वाटा होता.

खेळांच्या बाजारातून ही कला घरोघरी पोचली. १९९७ मध्ये निन्टेन्डोने खेळाच्या नियंत्रकाला जोडायचा रंबल पॅक आणला आणि त्याच वर्षी सोनीचा कंप देणारा ड्युअलशॉक नियंत्रक आला. लुई रोझेनबर्ग यांनी १९९३ मध्ये स्थापन केलेल्या इमर्शन कंपनीने २००२ मध्ये पेटंटवरून सोनीवर दावा लावला. तो २००७ मध्ये मिटला, पण मधल्या काळात आलेल्या प्लेस्टेशन ३ च्या पहिल्या नियंत्रकात कंप नव्हता. ॲपलने २०१५ मध्ये घड्याळात आणि ट्रॅकपॅडवर ‘टॅप्टिक इंजिन’ आणले. त्या ट्रॅकपॅडची काच खाली जातच नाही. ती आडवी हलते आणि बोटाला कळ दाबल्याचा भास होतो. या क्षेत्रातली ही बहुधा सर्वांत यशस्वी फसवणूक.

भारतात मुंबईच्या आयआयटीत सुभाशिष चौधुरी, तर मद्रासच्या आयआयटीत एम. मणिवन्नन यांनी या विषयात काम केले आहे. दिल्लीच्या आयआयटीत तयार झालेली, अंधांच्या काठीला जोडायची स्मार्टकेन २०१४ मध्ये बाजारात आली. पांढरी काठी गुडघ्याखालचे अडथळे सांगते. हे उपकरण गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचे, ३ मीटरपर्यंतचे अडथळे श्राव्यातीत (कानाला ऐकू न येणाऱ्या) ध्वनिलहरींनी ओळखून मुठीत कंप देते.

कंपमोटारी आणि त्यांची जोडणी

दोन जाती नेहमी भेटतात. पहिली विकेंद्री मोटार: दांड्यावर एका बाजूला जड तुकडा. नाण्यासारखी दिसणारी १० मिलिमीटर व्यासाची मोटार ३ व्होल्टवर साधारण १२,००० फेऱ्यांनी, म्हणजे २०० हर्ट्‌झने फिरते आणि ६० ते ८० मिलिअँपियर घेते. इंदुरात जेल रोडवरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ‘वायब्रेटर’ मागितला की हीच पुढे येते. तिची खोड अशी की वेग आणि जोर वेगळे करता येत नाहीत. कंप हळू करायला गेले की तो क्षीणही होतो. दुसरी रेषीय अनुनादी मोटार: स्प्रिंगवर टांगलेले वस्तुमान चुंबकाने मागेपुढे हलवतात. ती आपल्या अनुनादालाच (स्प्रिंगच्या स्वाभाविक कंपवेगाला), बहुधा १७५ किंवा २३५ हर्ट्‌झला, जोरात चालते. दोन-चार हर्ट्‌झ इकडेतिकडे झाले की कंप पडतो. तिला प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह लागतो. सेल थेट जोडला तर एक टिचकी येते आणि मोटार गप्प होते. नवखा माणूस इथे ती बिघडली असे समजून टाकून देतो.

नाणेमोटार आर्डुइनोच्या (प्रोग्राम भरता येणाऱ्या छोट्या बोर्डाच्या) पिनेला थेट लावू नये. पिनेला २० मिलिअँपियरपर्यंतच सोसवते. मध्ये २एन२२२२ ट्रान्झिस्टर घ्यावा, बेसला १ किलोओहमचा रोध, मोटारीला उलट दिशेने १एन४१४८ डायोड आणि समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. बीसी५४७ या लहान ट्रान्झिस्टरवर काम भागते असे वाटते, पण त्याची मर्यादा १०० मिलिअँपियर आहे आणि सुरू होताना मोटार त्याहून जास्त ओढू शकते. डायोड विसरला तर मोटार बंद होतानाच्या झटक्याने ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. मोटार सुरू होताच बोर्ड पुन्हा पहिल्यापासून चालू होत असेल तर प्रोग्राममध्ये चूक शोधत बसू नये. वीज खाली बसते आहे. मोटारीला वेगळा पुरवठा द्यावा.

मोटार पूर्ण वेगाला यायला ५० ते १०० मिलिसेकंद लागतात, त्यामुळे कळ दाबल्याचा ‘टिक’ न होता ‘भुर्र’ होते. उपाय दुहेरी आहे: सुरुवातीला क्षणभर जास्त व्होल्टेज आणि शेवटी उलटा प्रवाह देऊन ब्रेक. डीआरव्ही२६०५एल ही टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप हे दोन्ही स्वतः करते आणि तिच्यात १२३ तयार कंप असतात. तिचे स्वयंमापन मात्र मोटार अंतिम डबीत चिकटवून, डबी बंद करूनच करावे. टेबलावर सुटी ठेवून मापन केले तर आकडे त्या सुट्या मोटारीचे येतात आणि डबीत कंप मरगळतो. चिपमधल्या तयार कंपांचा संग्रह मोटारीच्या दोन्ही जातींसाठी वेगळा निवडावा लागतो. ती निवड चुकली तरी लक्षणे तीच.

निम्मे प्रकल्प बसवणीत फसतात. मोटारीखाली स्पंज घातला की कंप स्पंजच खातो. डबी जड केली तर त्वरण त्याच प्रमाणात घटते, म्हणूनच मोटारींची तुलना १०० ग्रॅमच्या ठोकळ्यावर बसवून करतात. नाणेमोटारीच्या केसासारख्या तारा मुळाशी तुटतात. डाग दिल्यावर तारेला गरम गोंदाचा थेंब द्यावा. मे महिन्यात माळव्यात पारा ४० च्या वर जातो आणि दुहेरी चिकटपट्टीचा गोंद मऊ पडून मोटार डबीत खडखडू लागते.

बलप्रतिसाद

कंप देणे सोपे, भिंत उभी करणे कठीण. आभासी भिंत म्हणजे हात जितका आत घुसेल तितक्या प्रमाणात उलटा जोर देणारी मोटार. संगणक स्थान ठरावीक वेळानेच मोजतो आणि पुढच्या मोजणीपर्यंत जुनाच जोर धरून ठेवतो. आत जाताना हा जोर हवा त्यापेक्षा थोडा कमी, बाहेर येताना थोडा जास्त. म्हणजे भिंत घेतली त्याहून अधिक ऊर्जा परत देते आणि हातात घरघरू लागते. जे. एडवर्ड कोलगेट यांनी दाखवलेली अट अशी: यंत्राचे स्वतःचे अवमंदन (वेगाच्या प्रमाणात हालचालीला होणारा विरोध) हे भिंतीचा ताठरपणा गुणिले मोजणीचा काळ याच्या निम्म्यापेक्षा जास्त हवे. ताठरपणा मीटरला १००० न्यूटन आणि मोजणी दर मिलिसेकंदाला असेल तर ०.५ न्यूटन-सेकंद प्रतिमीटर पुरते. चित्राच्या वेगाने, सेकंदाला ६० वेळा मोजले तर तेच ८.३ लागते, आणि एवढे जड यंत्र हलवणेच नकोसे होते. सेकंदाला १००० मोजण्यांचा दंडक इथून आला. म्हणून प्रोग्राममध्ये चित्र आणि जोर यांची चक्रे वेगळी ठेवतात. जोराच्या चक्रात पडद्यावर आकडा छापण्याची एक ओळ राहिली तरी भिंत थरथरते.

महाविद्यालयात करण्याजोगे उपकरण म्हणजे एका अक्षावर हलणारा दांडा. ७५ मिलिमीटर त्रिज्येचा वर्तुळखंड, मोटारीवर ५ मिलिमीटर त्रिज्येची फिरकी, म्हणजे १५ पट. मोटारीचा पीळ १० मिलिन्यूटन-मीटर असेल तर ७५ मिलिमीटरवरच्या मुठीला २ न्यूटन जोर मिळतो. पण फिरकीचे जडत्व मुठीला २२५ पट होऊन जाणवते. जास्त पट घेण्याचा मोह इथे नडतो. दातेरी चाके वापरू नयेत. दातांमधली सैल जागा बोटाला लगेच कळते. त्याऐवजी रहाटावर दोर गुंडाळतात तशी बारीक पोलादी तार फिरकीवर तीन ते पाच वेढे देऊन ताणतात. ताण ढिला पडला की वेढे एकमेकांवर चढतात आणि मूठ अडखळते. ५०० रेघांचा एन्कोडर (मोटारीचे फिरणे मोजणारा संवेदक) चौपट वाचला तर मुठीची हालचाल ०.०१६ मिलिमीटरपर्यंत कळते. वेग मात्र एका मिलिसेकंदात एका पायरीने, म्हणजे सेकंदाला १६ मिलिमीटरच्या उड्यांनी दिसतो. तो गाळणीतून काढल्याशिवाय अवमंदनात वापरला तर पुन्हा घरघर.

दा विंची शस्त्रक्रिया-यंत्रमानवाला अमेरिकेत २००० मध्ये मान्यता मिळाली, पण उपकरणाच्या टोकाचा जोर सर्जनला जाणवण्याची सोय २०२४ मध्ये मान्यता मिळालेल्या पाचव्या पिढीत आली. मधली चोवीस वर्षे टाका किती ओढला हे डोळ्यांनीच ओळखायचे होते.

पडदा आणि हवा

सपाट काचेवर पोत आणण्याचे दोन मार्ग आहेत. काच श्राव्यातीत वारंवारतेने हलवली की बोटाखाली हवेचा पातळ थर दाबला जातो आणि घर्षण घटते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातला टीपॅड असा चालतो. दुसऱ्यात विद्युत्‌भाराने घर्षण वाढवतात. एडवर्ड मॅलिनक्रॉट यांना विजेच्या दिव्याची पितळी बैठक दिवा चालू असताना वेगळी, चिकटसर लागली आणि त्यावरून १९५३ मध्ये हा परिणाम नोंदला गेला. डिस्ने रिसर्चने २०१० मध्ये टेस्लाटच म्हणून तो पडद्यावर आणला. घामट बोटावर हा दुसरा मार्ग लंगडतो. आषाढातल्या दमट दिवशी आणि पौषातल्या कोरड्या दिवशी एकाच माणसाला एकच पोत निराळा लागतो, म्हणून चाचणीच्या नोंदीत हवेची आर्द्रताही लिहावी.

हवेत स्पर्श देणाऱ्या यंत्रात ४० किलोहर्ट्‌झच्या शेकडो ध्वनिकांचा (ध्वनी सोडणाऱ्या छोट्या घटकांचा) जोर एका बिंदूवर एकवटतात. ४० किलोहर्ट्‌झ त्वचेला कळत नाही, म्हणून तो जोर सुमारे २०० हर्ट्‌झने कमीजास्त करतात. टोकियोत हिरोयुकी शिनोदा यांच्या गटाने २००८ मध्ये हे दाखवले. ब्रिस्टलमध्ये श्रीराम सुब्रमण्यम आणि टॉम कार्टर यांच्या कामातून २०१३ मध्ये अल्ट्राहॅप्टिक्स ही कंपनी निघाली. मिळणारा स्पर्श पंख्याच्या झुळकेइतका हलका असतो. भिंतीची अपेक्षा ठेवू नये.

कंपकाठी

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा आवडता प्रकल्प म्हणजे अंधांसाठी कंप देणारी काठी. एचसी-एसआर०४ हा संवेदक २ सेंटिमीटर ते ४ मीटर अंतर मोजतो. भिंतीसमोर प्रात्यक्षिक छान होते. इंदुरात राजवाड्यापासून सराफ्यापर्यंत रात्री चालून पाहिले की उणिवा दिसतात. गर्दीत काठी सतत थरथरते आणि पाचेक मिनिटांत तळहात बधिर होतो. सुती साडी किंवा शाल प्रतिध्वनी शोषते, तिरक्या हातगाडीवरून तो भलतीकडे जातो. अंतर कंपाच्या तीव्रतेने सांगू नये: मुठीला फार तर तीन-चार पातळ्या खात्रीने ओळखता येतात. ठोक्यांमधले अंतर कमीजास्त करावे, जवळ आले की ठोके भराभर. गर्दीसाठी पल्ला मीटरभरावर आणणारी वेगळी कळ ठेवावी आणि ती अशा जागी बसवावी की हातमोज्यातही अंगठ्याला सापडेल. अंतर बदलले नाही तर दोन सेकंदांनी कंप थांबवावा. थांबलेल्या रांगेत उभ्या माणसाला पुढच्याची पाठ पुन्हा पुन्हा कळवण्यात अर्थ नाही.