एवढुसं औषध आणि हातावरचा फोड

परवा भाचीच्या बाळाला दीड महिन्याचे डोस द्यायला विडी घरकुलला गेलतो. लस टोचणाऱ्या नर्सताईंनी उजव्या दंडावर बारकी सुई अगदी आडवी धरून घातली आणि कातडीवर मसुराएवढा पांढरा फोड आला. शेजारच्या आज्जी लगेच, "काय ओ ताई, औषध आत गेलंच नाही की, वरच राहिलं!" ताई म्हणाल्या, "फोड आला म्हंजेच नीट बसलं ओ आज्जी, चोळू नका."

हे पोलिओचं इंजेक्शन, आयपीव्ही. पूर्ण डोस ०.५ मिली असतो, आपल्याकडं ०.१ देतात, म्हणजे पाचवा हिस्सा. सरकार काटकसर करतंय असं लोकांना वाटतं, आणि खरं सांगायचं तर तुटवडा होताच. एप्रिल २०१६ ला तोंडातल्या थेंबांतून टाईप २ चा, म्हणजे पोलिओच्या तीन प्रकारांतल्या एकाचा, विषाणू काढून टाकला, कारण खरा टाईप २ १९९९ नंतर जगात कुठंच सापडला नव्हता आणि थेंबातलाच कमजोर विषाणू क्वचित बदलून लुळेपणा आणायचा. मग टाईप २ पासून वाचवायला उरलं फक्त इंजेक्शन, आणि त्याच वेळी जगभर त्याचाच तुटवडा!

इथं एनटीएजीआय येतं, म्हणजे लसीकरणावर केंद्राला सल्ला देणारा तज्ज्ञांचा गट, २००१ पासूनचा. हे लोक सल्ला देतात, शेवटचा निर्णय आरोग्य मंत्रालयाचा. त्यांनी म्हटलं, पाचवा हिस्सा द्या पण कातडीत द्या, आणि दोनदा द्या, सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला.

कातडीतच का? मला हेच लई आवडतं. स्नायू म्हणजे नुसतं मांस, तिथं पहारेकरी कमी. कातडीत मात्र डेंड्रायटिक पेशी, म्हणजे हेच पहारेकरी, ठासून भरलेल्या, फांद्या पसरून बसलेल्या. परकं काही दिसलं की ते गिळतात, त्याचे तुकडे करून आपल्याच अंगावर टांगतात आणि तसंच चालत जवळच्या लसिका ग्रंथीत जातात, तिथं टी पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, तुकडा दाखवतात, ज्या टी पेशीला तो जुळतो ती जागी होते, मग ती अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशींना कामाला लावते आणि अँटीबॉडी बनायला लागतात. म्हणून थोड्या औषधात भागतं. तरी एकच छोटा डोस पूर्ण डोसपेक्षा कमीच पडतो, क्युबातल्या चाचणीत ते दिसलं. पण पहिल्या डोसनं पेशी तयार होऊन बसलेल्या असतात, दुसरा गेला की झटक्यात उठतात. असे दोन छोटे डोस एका पूर्ण डोसला मागं टाकतात, हे बांगलादेशात मोजलंय, आणि औषध लागतं निम्म्याहून कमी.

इम्युनिटी वाढवतो म्हणून काढे विकणाऱ्यांना हे मोजून दाखवा म्हणावं एकदा.

२०२३ पासून बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर द्यायचा तिसरा छोटा डोसही आलाय. ताईंनी कार्डावर पुढच्या तारखा लिहिल्या. आज्जींनी बाळाच्या गालाला काजळ लावलं, फोडाकडं परत एकदा बघितलं, आणि विचारलं, "पुढच्या टायमालाबी असाच फोड येणार न्हवं?"