तेल दिसेनासं झालं म्हणजे निघालं नव्हे

नागपूरजवळची बुटीबोरी असो की हिंगणा, कारखान्याच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या जागी, गेलं की केमिकलच्या निळ्या ड्रमवर हात ठेवून कुणीतरी सांगतंच, "बायोडिग्रेडेबल आहे, आपोआप विघटन होतं, आता तेलाचं टेन्शन नाही." अहो, तो शब्द ड्रममधल्या साबणासाठी आहे, पाण्यातल्या तेलासाठी नाही. आणि साबणाच्या विघटनाची चाचणीसुद्धा २८ दिवसांची असते. ऑइल ट्रॅपमध्ये, म्हणजे तेल वर तरंगून वेगळं होण्याच्या टाकीत, पाणी थांबतं जेमतेम काही तास.

खरा घोळ डिग्रीजर आणि डिमल्सिफायर यांचा. दोन्ही बहुतेकदा सरफॅक्टंट, म्हणजे तेल आणि पाण्याच्या सीमेवर काम करणारी साबणासारखी रसायनं, दोन्ही बायोडिग्रेडेबल मिळतात, कामं मात्र उलटी.

डिग्रीजर सगळ्यांच्या हाताखालचा: फरशी, मशीन, जॉब (मशीनवर घडवलेला भाग) धुवायला. तो तेलाचे बारीक थेंब करतो, प्रत्येक थेंबाभोवती बसतो आणि थेंबांना एकत्र येऊ देत नाही. डिमल्सिफायर तेच आवरण मोडतो. थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि वर येतात.

सावजी रश्श्यावरची तर्री पळीने काढता येते. चहात घातलेल्या दुधातही स्निग्धांश असतो, पण तो पळीला लागत नाही. ऑइल ट्रॅपमध्ये डिग्रीजर ओतणं म्हणजे हाताने निघणाऱ्या तर्रीचं दूध करून ठेवणं.

एका कारखान्यात हे मी डोळ्यांनी पाहिलं. पाहणीच्या आदल्या रात्री काळा तवंग घालवायला ट्रॅपमध्ये दोन बादल्या डिग्रीजर सोडला. सकाळी तवंग गायब, पाणी ताकासारखं, सगळे खूश. पण प्रयोगशाळेत तवंग बघत नाहीत. नमुना आम्लयुक्त करून तेल हेक्झेन या द्रावकात उतरवतात आणि मोजतात. नदीनाल्यात सोडायला ऑइल-ग्रीसची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम. आकडा कितीतरी वर गेला, साबणामुळे सीओडीही (पाण्यातल्या प्रदूषकांना लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप) चढला.

म्हणून माझं ठाम सांगणं: सुटं तेल आधी स्किमरने, म्हणजे वरचा तवंग ओढून घेणाऱ्या यंत्राने, काढा, त्यात काहीही ओतू नका. डिमल्सिफायर द्यायचा तो उरलेल्या दुधाळ पाण्याला, तोही बाटलीत तपासून. चार बाटल्या, चार मात्रा, हलवून अर्धा तास ठेवा. मात्रा जास्त झाली तर इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचं ते दुधाळ मिश्रण, पुन्हा पक्कं होऊ शकतं. धुलाईला नॉन-आयनिक (विद्युतभार नसलेला) डिग्रीजर वापरत असाल तर इमल्शन फोडायला नुसत्या आम्लावर किंवा मिठावर विसंबू नका, ते इमल्शन चिवट असतं.

बायोसरफॅक्टंट म्हणजे रॅम्नोलिपिडसारखा, जिवाणूंनी बनवलेला. तोही तेल पाण्यात मिसळवू शकतो, त्यामुळे नावावर जाऊ नका.

पुरवठादाराला एवढंच विचारा: बाटली हलवून ठेवली तर तेल किती मिनिटांत वर येतं? उत्तराऐवजी प्रमाणपत्र पुढे आलं तर ड्रम उतरवून घेऊ नका.